पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचं ऑइल घरी कसं बदलायचं

इंजिन ऑइल कधी बदललं ते बहुतेक पिकअपवाल्यांच्या तोंडपाठ असतं. मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगमधल्या (लोखंडी पेटीतल्या) ऑइलची आठवण मात्र मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागल्यावरच होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे दात एकदा झिजले की नव्या ऑइलने ते भरून येत नाहीत. जोडी बदलावी लागते, हौसिंग उघडावं लागतं, आणि हे सगळं नेमकं कापूस जिनिंगवर न्यायच्या दिवसांत निघतं. ऑइल बदलणं त्यामानाने फार सोपं काम आहे. दुपारच्या दोन-तीन तासांत अंगणात होतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स या सगळ्यांची मागची चाकं ओढतात. इंजिनाकडून आलेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलच्या मधल्या गोलाकार हौसिंगमध्ये शिरतो, तिथे शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो आणि क्राउन दोन्ही चाकांना. हे सगळे दात आणि बेअरिंग खालच्या ऑइलच्या साठ्यावर जगतात. तिथे पंप नाही, फिल्टर नाही. क्राउन फिरताना ऑइल उडवतो आणि तेवढ्यावरच सगळं भिजतं. म्हणून ऑइल कमी झालं, पातळ झालं किंवा त्यात पाणी शिरलं तर सांगायला मीटरवर कुठला दिवाही लागत नाही.

किलोमीटरपेक्षा नाला महत्त्वाचा

गाडीच्या पुस्तकात डिफरन्शियलचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते दिलेलं असतं. तो आकडा पाळाच. पण आपल्याकडच्या गाडीसाठी तो पुरेसा नाही, कारण आपल्या गाड्या पांदणीने वावरात जातात आणि पावसाळ्यात नाल्यातून निघतात.

माल भरून पंधरा-वीस किलोमीटर चाललेल्या गाडीचं हौसिंग चांगलं तापलेलं असतं. आतली हवाही तापून फुगलेली असते. तशीच गाडी नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की हौसिंग एकदम निवतं, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ही ओढ मोडायला हौसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, त्यातून बाहेरची हवा आत येते. तो ब्रीदर काळ्या मातीने बुजलेला असेल, किंवा स्वतःच पाण्याखाली गेला असेल, तर आतली ओढ शाफ्टभोवतीच्या रबरी ऑइल सीलच्या ओठावरून नाहीतर त्या ब्रीदरमधूनच पाणी खेचून घेते. सील बाहेर येणारं ऑइल अडवायला बनवलेलं असतं. आत येणाऱ्या पाण्याला ते तितकंसं अडवत नाही.

म्हणून हिशोब असा ठेवा. चाकाच्या मधल्या हबच्या वर पाणी येईल अशा नाल्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, त्याच आठवड्यात हौसिंगचा ऑइल भरायचा प्लग उघडून ऑइलचा रंग बघा. गाडी पाण्यात बंद पडून उभी राहिली असेल तर बघत बसू नका, ऑइल बदला. आणि नाल्याशी संबंध आलाच नसेल तरी पाऊस सरल्यावर, कापूस वेचणी जोरात सुरू व्हायच्या आत, एकदा तपासणी करायची सवय ठेवा. मृगाच्या आधी ब्रीदर साफ केला आणि दसऱ्याच्या सुमारास ऑइल बघितलं, तर वर्षभराचं बहुतेक काम त्यात आलं.

कोणतं ऑइल

पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. या मांडणीला हायपॉइड म्हणतात. यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, आणि तेही फार मोठ्या दाबाखाली. इतक्या दाबात ऑइलचा थर फाटतो. तो फाटला तरी धातू धातूला चिकटू नये म्हणून गेअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. तापलेल्या दातावर ती स्वतःचा पातळ थर धरतात. नव्या गेअर ऑइलला जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा. तो वास म्हणजे ऑइल खराब आहे असं समजून दुकानात परत नेऊ नका.

डब्यावर जीएल-५ ही गेअर ऑइलची प्रत लिहिलेली असली पाहिजे. जीएल-४ मध्ये ही संयुगं कमी असतात, हायपॉइडला ती पुरत नाहीत. उलट, हौसिंगसाठी आणलेल्यातलं उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळा. काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते चालत नाही. गिअरबॉक्सला पुस्तकात जे लिहिलंय तेच.

घट्टपणाचा आकडा, म्हणजे ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४०, हाही पुस्तकातूनच घ्या. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून “आपल्याकडे जाडच टाका” असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. कंपनीने दोन्ही ग्रेड चालतील असं लिहिलं असेल आणि गाडी कायम भरलेली चालत असेल, तर जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. पण पुस्तकात नसेल तर टाकू नका. फार जाड ऑइल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि क्राउनला ते घुसळायला जास्त ताकद लागते, ती डिझेलमधूनच जाते.

इंजिन ऑइल, मग ते नवं असो की काढलेलं, इथे चालत नाही. गेअर ऑइलचे आकडे मोठे दिसतात म्हणून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असतं असं वाटतं, पण दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गेअरचं ९० हे जाडीने इंजिनच्या ४० ते ५० च्या जवळपास येतं. फरक जाडीचा नाही, त्या दाब सोसणाऱ्या संयुगांचा आहे.

गाडीला मागे लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल तर त्याला लागणारं ऑइल वेगळं असू शकतं, कधी त्यात आणखी एक ॲडिटिव्ह घालावं लागतं. चुकीचं ऑइल पडलं तर वळणावर मागून कुरकुर, धक्के येतात. आणि फोर बाय फोर गाडी असेल तर पुढचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांचं ऑइल वेगळं मोजायचं. मागचं बदललं म्हणजे तेही झालं असं होत नाही.

या आकाराच्या गाड्यांना मागे साधारण दीड-दोन लिटर ऑइल लागतं, काहींना त्याहून जास्त. नेमका आकडा पुस्तकात बघा, आणि तीन लिटर घरी आणून ठेवा. जुन्यात पाणी निघालं तर हौसिंग धुवायला लागेल, त्याचा अंदाज धरून आणखी दीड-दोन लिटर साधं जीएल-५ जवळ असलेलं बरं. सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा, पक्कं बिल, झाकणाखालची पट्टी शाबूत, एवढं बघून घ्या.

काय काय जमवायचं

आधी गाडीखाली वाकून दोन्ही प्लगचं तोंड बघा, मग पाने शोधा. भरायचा प्लग हौसिंगच्या मधल्या उंचीवर मागे किंवा बाजूला असतो, ऑइल काढायचा प्लग सगळ्यात खाली. काहींना बाहेरून षटकोनी डोकं असतं, त्याला सहा कडांची गोटी (सॉकेट) लागते. बारा कडांची गोटी किंवा उघडा पाना गंजलेलं डोकं गोल करून टाकतो. काहींना आत चौकोनी खाच असते. ती अर्धा इंची असेल तर गोटी पान्याच्या लांब दांड्याचं चौकोनी टोकच तिच्यात बसतं. काहींना एल-की लागते.

याशिवाय प्लगचे नवे वॉशर, तारेचा ब्रश, थोडं डिझेल किंवा रॉकेल, गंज सोडवणारा स्प्रे, चिंध्या, चार-पाच लिटर मावेल असं पसरट घमेलं, हातमोजे आणि दोन पारदर्शक बाटल्या. ऑइल भरायला हातपंप असेल तर उत्तमच. नसेल तर दीड-दोन मीटर पारदर्शक नळी आणि तिच्यात घट्ट बसेल असं नसराळं. फवारणीचा पंप किंवा कीटकनाशकाचे रिकामे डबे यासाठी वापरू नका. धुतले तरी त्यांत औषध राहतं, ते हाताला लागतं, आणि पंप पुन्हा फवारणीला नेला तर त्यातलं ऑइल पिकावर जातं.

गाडी कुठे उभी करायची

हौद्यातला माल उतरवा. जागा सपाट हवी, हा आग्रह दिसायला किरकोळ वाटतो, पण ऑइलची पातळी त्यावरच ठरते. गवंडी पातळी काढायला पाण्याची नळी वापरतो, तीच पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ धरून बघितली तरी कळतं.

पिकअपची उंची अशी असते की बहुतेक माणसांना जॅक न लावता आडवं होऊन आत सरकता येतं. जमत असेल तर तसंच करा. चारही चाकं जमिनीवर असली की गाडी पडायची भीती नाही आणि पातळीही बरोबर मिळते.

उचलावीच लागली तर पुढचं नीट समजून घ्या. या गाड्यांचा हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवर असतो, म्हणजे मागचा भाग उचलला की हँडब्रेक कशालाच धरून राहत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवली तर थांबेल, हाही समज धोक्याचा आहे. मागचं एकच चाक हवेत असेल तर डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक बिनधास्त घरंगळतं. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावायचे, मगच जॅक. काळ्या मातीवर जॅक उभा करू नका. वरून कोरडी, टणक दिसणारी ही माती खाली ओल धरून असते आणि वजन आलं की बसते. सिमेंटचा ओटा नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड, रुंद फळी हवी. जॅक एक्सलच्या नळीखाली लावा, हौसिंगच्या पत्र्याच्या झाकणाला नको. आणि गाडी जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लागल्यावर, गाडी एकदा हलवून बघितल्यावरच शिरायचं. विटांचा ढीग स्टँडचं काम करत नाही, वीट वजनाखाली सांगून न सवरता फुटते.

उचलून ऑइल काढलं तरी भरताना गाडी खाली घ्या. भरायचं छिद्र मागच्या बाजूला असेल आणि फक्त मागची चाकं उचललेली असतील, तर छिद्र नेहमीपेक्षा वर जातं आणि ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं जातं.

आधी भरायचा प्लग

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. कोमट ऑइल सैल होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर येतं. भरल्या गाडीने लांबून आला असाल, किंवा उन्हाळ्याची दुपार असेल, तर अर्धा तास निवू द्या. तापलेलं ऑइल हातावर पडलं तर चांगलंच पोळतं.

दोन्ही प्लगच्या भोवती वाळलेला चिखल ब्रशने खरवडा, डिझेलच्या फडक्याने पुसा. प्लग उघडल्यावर हा चिखल आत पडला तर त्यातली रेती थेट बेअरिंगमध्ये जाते.

आता भरायचा प्लग आधी उघडा. काढायचा नंतर. हा क्रम उलटा केल्याने जितक्या गाड्या अंगणात अडकून पडतात तितक्या दुसऱ्या कशानेही नाही. खालचा प्लग सहज निघतो, ऑइल वाहून जातं, आणि मग लक्षात येतं की वरचा प्लग गंजून बसलाय, निघत नाही. गाडीत ऑइल नाही, भरायला वाट नाही, आणि कोरड्या हौसिंगवर मिस्त्रीपर्यंतसुद्धा चालवता येत नाही. वरचा प्लग निघाला नाही तर खालच्याला हात लावू नका.

प्लग अडला असेल तर स्प्रे मारून रात्रभर राहू द्या, सकाळी हातोडीने प्लगच्या डोक्यावर हलके ठोके द्या आणि मग लांब दांड्याने एका दमात, झटका न देता जोर लावा. पाना तिरपा बसू देऊ नका. आच देऊ नका. आत ऑइल आणि त्याची वाफ असते.

वरचा प्लग निघाला की करंगळी आत घालून बघा. ऑइल छिद्राच्या खालच्या कडेला लागत असलं पाहिजे. बोट वाकवूनही लागत नसेल तर ऑइल कुठून तरी जातंय, ते शोधायचं काम वाढलं.

मग घमेलं लावा आणि खालचा प्लग सोडवा. शेवटचे आटे हाताने सोडवताना प्लग वर दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे ऑइल मनगटावरून बाहीत जात नाही. वीस मिनिटं तरी निथळू द्या.

काही एक्सलना खाली प्लगच नसतो. तिथे ऑइल वरच्या छिद्रातून हातपंपाने ओढून काढावं लागतं, किंवा मागचं झाकण असेल तर ते बोल्ट काढून सैल करावं लागतं. झाकण काढलं तर गॅस्केट नवं लागेल, हे आधी विचारून आणा. झाकणाचा वरचा एक बोल्ट सैल करून तसाच ठेवा आणि बाकीचे काढा. झाकण अंगावर पडत नाही आणि ऑइल खालून मुकाट निघतं.

निघालेलं ऑइल वाचणं

पुष्कळजण काढलेलं ऑइल न बघता फेकतात. पण हौसिंगमध्ये काय चाललंय ते न उघडता सांगणारी एवढी एकच गोष्ट असते, म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्या धारेतलं थोडं ऑइल पारदर्शक बाटलीत धरा आणि उजेडात बघा. तपकिरी, काळपट पण पारदर्शक, वास उग्र पण जळका नाही: हे नेहमीचं जुनं ऑइल. दुधाच्या चहासारखा गढूळ रंग दिसला तर पाणी शिरलंय. बाटली रात्रभर उभी ठेवली तर कधी तळाला पाणी वेगळं दिसतं. पण ऑइलमध्ये पूर्ण घुसळलेलं पाणी सहसा वेगळं होत नाही, म्हणून तळाला पाणी दिसलं नाही याचा अर्थ पाणी नव्हतं असा धरू नका. रंगावर विश्वास ठेवा. काळं कुळकुळीत आणि जळका वास असेल तर ऑइल कमी पडून तापलंय, किंवा गाडीवर सतत क्षमतेपेक्षा जास्त माल लादला जातोय.

आता प्लगकडे बघा. बहुतेक प्लगच्या टोकाला मॅग्नेट असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप साठलेला असेल आणि बोटांत चोळल्यावर कण जाणवत नसतील, तर काळजीचं कारण नाही. दात चालताना एवढी झीज होतेच. पण टोचणारे कण, पापुद्रे, चमकणारे तुकडे मिळाले तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. तेव्हा नवं ऑइल भरून गाडी मिस्त्रीकडे न्या, पण माल भरू नका. तुकडा कागदात गुंडाळून ठेवा. तुकड्याचा आकार बघून जाणता मिस्त्री तो दाताचा आहे की बेअरिंगच्या रोलरचा ते ओळखतो.

पाणी निघालं असेल तर एकदा बदलून भागत नाही. एक्सलच्या नळ्यांत आणि बेअरिंगमध्ये ते गढूळ ऑइल अडकून राहतं. साधं जीएल-५ भरा, गाडी रिकामी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, पुन्हा काढा. दुसऱ्यांदाही गढूळ आलं तर तिसऱ्यांदा. हौसिंग डिझेल किंवा रॉकेलने धुवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, ती सोडून द्या. ते सगळं कधीच निथळत नाही, नळ्यांत उरतं आणि नव्या ऑइलला पातळ करतं. आणि पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

ब्रीदर

ऑइल निथळतंय तोवर ब्रीदर बघा. एक्सलच्या नळीवर किंवा हौसिंगच्या वर छोटी टोपी असते, नाहीतर तिथून एक रबरी नळी चेसिसकडे जाते. टोपी बोटाने हलायला, फिरायला हवी. काढून डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून नाही, हवेच्या पंपाने बघा. नळी असेल तर तिचं वरचं टोक शोधा. कुंभारमाशी अशा भोकांत मातीचं घर करते आणि बाहेरून काही दिसत नाही.

टोपी एक्सलवरच असेल आणि गाडी दर पावसाळ्यात नाल्यातून जात असेल, तर मिस्त्रीकडून तिथे नळी जोडून घ्या आणि तिचं तोंड चेसिसच्या वर, हौद्याच्या खाली, उलटं वाकवून बांधा. खर्च किरकोळ आहे. मागची चाकं वरखाली झाली तरी नळी ताणू नये एवढी ढील ठेवा.

भरणं

खालचा प्लग साफ करा, मॅग्नेटवरचा लेप पुसा, नवा वॉशर घाला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा तसा बसत नाही. जुनाच लावला तर महिनाभराने थेंब पडायला लागतात आणि माणूस प्लग आणखी आवळत जातो, शेवटी हौसिंगचे आटे जातात. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, त्याला आट्यांवर सीलंट किंवा टेफ्लॉनची पट्टी लावतात. प्लग आधी बोटांनीच तीन-चार आटे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरपा शिरतोय. किती आवळायचं तो आकडा पुस्तकात असतो; टॉर्क पाना नसेल तर साध्या लांबीच्या दांड्याने, एका हाताच्या जोराने घट्ट करा. दांड्याला पाइप लावू नका.

नळीची पद्धत सोपी आहे. नसराळं हौद्याच्या कडेला बांधा, नळी खाली आणून भरायच्या छिद्रात चार बोटं आत घाला. एकजण वरून हळूहळू ओततो, दुसरा खाली छिद्राकडे बघतो. गेअर ऑइल सावकाश उतरतं. थंडीच्या सकाळी तर डबा थोडा वेळ उन्हात ठेवला तरच बरं उतरतं. छिद्राच्या खालच्या कडेवरून ऑइल बाहेर यायला लागलं की थांबा. नळी काढून दहा मिनिटं थांबा, ऑइल एक्सलच्या दोन्ही नळ्यांत पसरतं आणि पातळी उतरते. पुन्हा कडेपर्यंत भरा, जास्तीचं वाहून जाऊ द्या, धार थेंबांवर आली की प्लग लावा.

किती लिटर गेलं ते पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. बरंच कमी गेलं असेल तर जुनं नीट निथळलं नाही, किंवा गाडी कलती आहे.

“थोडं जास्त असलं तर बरं” हे इथे खरं नाही. जास्तीचं ऑइल तापून फुगतं, घुसळून फेस होतो आणि एक्सलच्या टोकाच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागे ओलसर तेलकट डाग दिसला, किंवा भरली गाडी उतारावर एका बाजूला ओढायला लागली, तर ती गाडी चालवू नका. ऑइल प्यालेले ब्रेक शू धुऊन, घासून पुन्हा लावले तरी तापल्यावर आतलं ऑइल वर येतं. सील बदला आणि शूही बदला.

काढलेलं ऑइल

घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा आणि गोठ्यापासून, पोरांपासून लांब ठेवा. ज्या गॅरेजकडून परवानाधारक पुनर्वापरवाले जुनं ऑइल नेतात तिथे द्या. सरकारी नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी धुऱ्यावरच्या खांबांना, गोठ्याच्या बल्ल्यांना ते फासायची रीत आहे, ती टाळा. पावसाने ते धुऊन मातीत आणि विहिरीकडे जातं. बैलाच्या खांद्यावर किंवा जखमेवर तर अजिबात लावू नका.

नंतर, आणि आवाज राहिलाच तर

पाच-दहा किलोमीटर फिरवून आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. थेंब कुठे पडला त्यावरून कळतं: पुढे, शाफ्ट शिरतो तिथे असेल तर पिनियनचं सील, चाकाजवळ असेल तर एक्सलचं, मधोमध खाली असेल तर प्लगचा वॉशर किंवा झाकणाचं गॅस्केट. तारीख, किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड दाराच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

ऑइल बदलूनही आवाज येत असेल तर तो कधी येतो ते नीट ऐका. रेस दिल्यावर घुमतो आणि रेस सोडल्यावर त्याचा सूर बदलतो, तर क्राउन-पिनियन. रेसशी संबंध नाही, पण वळणावर एका बाजूला झुकल्यावर वाढतो, तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकून गाडी हलताना एकदाच “टक” होतं, तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा. गाडी बंद करून, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने हलवला तर क्रॉसमधला ढिलेपणा हाताला लागतो. हे तिन्ही ऑइलचे आजार नाहीत. आवाज दाबायला हौसिंगमध्ये ग्रीस किंवा लाकडाचा भुसा भरून गाडी विकणारे असतात, त्यामुळे जुनी पिकअप घेताना भरायचा प्लग उघडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. स्वतःच्या गाडीत असलं काही कधीच टाकू नका. ग्रीस बाजूला फेकलं जातं, दातांवर परत येत नाही, आणि बेअरिंग कोरडी पडते. मिस्त्रीकडे जाताना काढलेल्या ऑइलची बाटली आणि मॅग्नेटवर सापडलेले कण सोबत न्या, म्हणजे हौसिंग खोलायचं की नाही हे त्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.